अनीचे पडके घुमट आणि तिग्रानचा पियानो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी मित्रमंडळींना तिग्रान हमास्यान या आर्मेनियन जॅझ पियानोवादकाचं संगीत ऐकवत असतो. ऐकून झालं की बहुतेक जण तेच प्रश्न विचारतात, आणि उत्तर देताना मी दर वेळी अनी या उद्ध्वस्त शहरापाशी जाऊन पोचतो. म्हणून ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

अनी म्हणजे नेमकं कुठलं शहर?

आजच्या तुर्कस्तानच्या पूर्व टोकाला, कार्स शहरापासून साधारण 45 किलोमीटरवर, आर्मेनियाच्या सीमेला अगदी चिकटून एक मोठं पठार आहे. एका बाजूला अखुर्यान नदीची खोल घळ, दुसऱ्या बाजूला आणखी एक दरी आणि उरलेल्या बाजूला दुहेरी तटबंदी. या त्रिकोणात अनी वसलं होतं. बग्रातुनी या आर्मेनियन राजघराण्यातल्या अशोत तिसऱ्या राजाने 961 मध्ये राजधानी कार्सहून इथे आणली आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत शहर झपाट्याने वाढलं. व्यापारी मार्ग इथूनच नदी ओलांडायचा. ‘एक हजार एक चर्चचं शहर’ असं त्याला म्हणत. हा आकडा शब्दशः घ्यायचा नाही, पण पठारावर आजही जिकडे पाहावं तिकडे कुठल्या तरी चर्चची भिंत उभी दिसते.

सगळ्यांत मोठी इमारत म्हणजे कॅथेड्रल. त्रदात नावाच्या वास्तुविशारदाने ते बांधलं, काम 989 मध्ये सुरू झालं. मधल्या काळात कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, हागिया सोफिया या चर्चचा घुमट भूकंपात ढासळला, तो दुरुस्त करायला याच त्रदातला बोलावून नेलं होतं. अनीचं काम गागिक पहिला याची राणी कात्रामिदे हिने पूर्ण करून घेतलं. आतले उंच जुडग्यांचे खांब आणि टोकदार कमानी पाहून युरोपातल्या पुढच्या काळातल्या गॉथिक चर्चची आठवण व्हावी, असं ते बांधकाम आहे.

मग ते उजाड कसं झालं?

एका झटक्यात नाही. 1045 मध्ये बायझंटाइन साम्राज्याने ताबा घेतला, 1064 मध्ये सेल्जुक सुलतान अल्प अर्सलानने शहर जिंकलं. त्यानंतर शद्दादी या कुर्दी घराण्याची सत्ता आली, त्यांच्या काळातल्या मनुचिह्र मशिदीचा मिनार अजून उभा आहे. मग जॉर्जियाच्या छत्राखाली झकारी सरदार आले. त्या काळात पुन्हा पैसा आला, आणि 1215 मध्ये तिग्रान होनेन्त्स नावाच्या धनिक व्यापाऱ्याने आतून बाहेरून चित्रांनी भरलेलं एक चर्च बांधलं. (आपल्या पियानोवादकाचंही नाव तिग्रान. आर्मेनियात ते राजांपासून चालत आलेलं नेहमीचं नाव आहे, तरी मला हा योगायोग आवडतो.) 1236 मध्ये मंगोल आले, 1319 मध्ये मोठा भूकंप झाला आणि कॅथेड्रलचा घुमट कोसळला. व्यापाराच्या वाटा बदलल्या, माणसं निघून गेली. शेवटी मेंढ्या चरायच्या आणि वारा वाहायचा.

यात जॅझवाला कुठून आला?

नदीकाठाने आला, असं मी सांगतो.

तिग्रान हमास्यानचा जन्म 17 जुलै 1987 रोजी ग्युम्री या आर्मेनियातल्या शहरात झाला. ग्युम्रीजवळून वाहणारी अखुर्यान नदीच पुढे अनीच्या तटाखालून जाते. सरळ रेषेत मोजलं तर दोन्हींमधलं अंतर 40 किलोमीटरच्या आत आहे. पण मधे सीमा आहे आणि ती 1993 पासून बंद आहे. ग्युम्रीच्या माणसाला अनीत पाय ठेवायचा तर आधी जॉर्जियात जाऊन तिथून तुर्कस्तानात उतरायचं, असा वळसा पडतो. आर्मेनियाच्या बाजूच्या काठावर उभं राहिलं की अनीचे सगळे अवशेष समोर दिसतात. आपल्या पूर्वजांची राजधानी रोज डोळ्यांसमोर आणि तिकडे जायची वाट मात्र बंद, हे काय असतं त्याची कल्पना मला मुंबईत बसून पुरती करता येत नाही, पण तिग्रानच्या वादनात ते अंतर मला ऐकू येतं.

दुसरा धागा भूकंपाचा. 7 डिसेंबर 1988 ला सकाळी उत्तर आर्मेनियात भूकंप झाला. किमान पंचवीस हजार माणसं गेली. ग्युम्री, म्हणजे त्या वेळचं लेनिनाकान, मोठ्या प्रमाणात जमीनदोस्त झालं. तिग्रान तेव्हा दीड वर्षाचाही नव्हता. याच भूकंपात नदीपलीकडे अनीच्या कॅथेड्रलचा वायव्य कोपरा ढासळला. एका धक्क्यात जुनं भग्न शहर आणखी थोडं पडलं आणि एक नवं शहर भग्न झालं. जो मुलगा अशा गावात मोठा होतो, त्याला ‘अवशेष’ ही इतिहासाच्या पुस्तकातली गोष्ट वाटत नाही. त्याच्या शाळेच्या वाटेवर तेच असतं. 2017 च्या ‘ॲन एन्शंट ऑब्झर्व्हर’ या एकल पियानोच्या अल्बममध्ये ‘लेनिनागॉन’ नावाची रचना आहे. लेनिनाकान हे नाव आणि ‘गेलं’ या अर्थाचा इंग्रजी शब्द एकमेकांत मिसळून केलेलं हे शीर्षक. पुढच्या वर्षी त्याने ‘फॉर ग्युम्री’ हा छोटा अल्बम काढला.

अनीवर त्याने थेट एखादी रचना केली आहे का?

शीर्षकात शोधायचं तर जवळचं नाव ‘कार्स’ आहे. 2015 च्या ‘मॉकरूट’ या अल्बममध्ये ‘कार्स 1’ आणि ‘कार्स 2’ अशा दोन रचना आहेत आणि दुसरीचं उपशीर्षक ‘शतकांच्या जखमा’ असं आहे. कार्स म्हणजे अनीच्या आधीची बग्रातुनी राजधानी, आणि आज अनीला जाणारा प्रत्येक जण जिथून निघतो ते शहर.

पण मला विचाराल तर अनीचा शोध शीर्षकांत घेऊ नये. त्याच वर्षी त्याने जे दुसरं काम केलं, त्यात अनी जास्त आहे. त्यासाठी आधी पुढचा प्रश्न घेऊ.

अनीत तेव्हा जे गायलं जायचं, ते आज उरलं आहे का?

माझा सगळ्यांत आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांबणार.

मध्ययुगीन आर्मेनियात स्वरांच्या खुणा लिहायची एक पद्धत होती. तिला ‘खाझ’ म्हणतात. स्तोत्रांच्या हस्तलिखितांत शब्दांच्या डोक्यावर बारीक बाक, ठिपके, आकडे काढलेले असतात. आवाज कुठे चढवायचा, कुठे लांबवायचा, कुठे हलवायचा, याच्या त्या खुणा. ज्याला चाल गुरूकडून मिळाली आहे त्याला आठवण करून देण्यापुरत्याच त्या होत्या. पुढे गुरूंची साखळी तुटत गेली आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत खाझ वाचू शकणारा माणूस उरला नाही. हजारो हस्तलिखितं डोळ्यांसमोर आहेत, शब्द वाचता येतात, स्वर मात्र मुके. मला खाझची ती पानं अनीच्या भिंतींसारखी वाटतात: रेषा शाबूत, छप्पर गेलेलं.

मग जे स्वर आज गायले जातात ते आले कुठून? तोंडोतोंडी. हंपार्त्सुम लिमोंजियान नावाच्या संगीतकाराने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नवी, सोपी स्वरलिपी तयार केली आणि पुढे चर्चमधल्या गायकांच्या गळ्यात जे शिल्लक होतं ते तिच्यात उतरवलं गेलं. म्हणजे दहाव्या शतकातलं स्तोत्र आज ऐकताना आपण एकोणिसाव्या शतकाने सांभाळलेली त्याची चाल ऐकत असतो.

इथे कोमितास यांचं नाव घ्यावंच लागतं. 1869 मध्ये जन्मलेले हे धर्मगुरू आणि संगीतकार बर्लिनमध्ये शिकले, गावोगाव फिरले आणि शेतकऱ्यांची, लग्नांची, नांगरणीची तीन हजारांहून अधिक गाणी त्यांनी टिपून घेतली. खाझची उकल करायच्या कामाला ते वर्षानुवर्षं लागले होते. 24 एप्रिल 1915 रोजी, ऑटोमन साम्राज्यातल्या आर्मेनियनांच्या संहाराच्या सुरुवातीला, कॉन्स्टँटिनोपलमध्ये अटक झालेल्या आर्मेनियन विचारवंतांत ते होते. ते जिवंत परतले, पण मन कायमचं मोडलं. उरलेलं आयुष्य त्यांनी रुग्णालयांत काढलं आणि 1935 मध्ये पॅरिसमध्ये ते वारले. त्यांची कागदपत्रं विखुरली. टिपलेल्या गाण्यांपैकी आज सुमारे बाराशेच हाती आहेत आणि खाझवरचं त्यांचं काम गेलं ते गेलंच.

म्हणजे तिग्रानच्या हाती जो वारसा आला, तोच मुळात अवशेषांच्या रूपात आला.

तो त्या अवशेषांचं काय करतो?

‘लुईस ई लुसो’ ऐका. या नावाचा अर्थ ‘प्रकाशातून प्रकाश’. 2015 मध्ये ईसीएम या कंपनीने काढलेल्या या अल्बममध्ये तिग्रानचा पियानो आणि येरेव्हान स्टेट चेंबर क्वायर हे गायकवृंद आहेत, आणि पाचव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतची आर्मेनियन स्तोत्रं आहेत. त्यातलं ‘हवुन हवुन’ परंपरेने ग्रिगोर नारेकात्सी यांच्या नावावर आहे. हा संतकवी व्हान सरोवराकाठच्या मठात राहत होता, नेमका त्याच वर्षांत जेव्हा अनीत त्रदातच्या कॅथेड्रलचे खांब उभे राहत होते. शहर भरात असताना जे लिहिलं गेलं, ते शहर पडल्यावर एक जॅझवादक वाजवतो आहे, हे मनात ठेवून ऐकलं की अंगावर काटा येतो.

ही स्तोत्रं मुळात एकसुरी परंपरेतली, म्हणजे आपल्या संगीतासारखी. एकच सुरावट आणि तिच्याखाली धरलेला आधारस्वर. त्यावर पाश्चात्त्य पद्धतीच्या स्वरसंगतींची भरगच्च इमारत रचायचा मोह कुणालाही झाला असता. तिग्रान बहुतेक ठिकाणी तो टाळतो. गायकवृंद चाल धरून उभा राहतो आणि पियानो तिच्या भोवती फिरतो. कधी लांबून एखादा स्वर ठेवतो, कधी मधेच उसळतो, कधी नुसताच थांबतो. पडक्या वास्तूत हिंडताना आपण भिंतींना हात लावतो, पण त्यांवर रंग लावत नाही, तसं त्याचं वागणं आहे. आणि पियानोचा तो भाग प्रत्येक मैफलीत तत्काळ सुचलेला असतो, म्हणून मी याला जॅझ म्हणतो.

1915 च्या संहाराला शंभर वर्षं झाली त्या निमित्ताने हे काम घेऊन तो आणि गायकवृंद चर्चमागून चर्च गाठत अनेक देशांत फिरले. त्या दौऱ्यात तुर्कस्तानही होतं आणि अनीचे अवशेषही.

पडक्या वास्तूत गाण्याचा आवाज वेगळा होतो का?

होतो, आणि त्याचं कारण साधं आहे. अखंड घुमटाखाली आवाज दगडावर आपटून पुन्हा पुन्हा परत येतो, शब्द एकमेकांत विरघळतात, शेवटचा स्वर काही क्षण वर तरंगत राहतो. घुमट पडला की आवाजाला वरून वाट मिळते आणि तो निघून जातो. बाजूच्या भिंती थोडा परत देतात, वरून काहीच येत नाही. म्हणजे ज्या गाण्याची घडण घुमण्याच्या हिशेबाने झाली, त्याला तिथे स्वतःच्या बळावर उभं राहावं लागतं. अल्बममध्ये पियानोच्या दोन स्वरांमध्ये ज्या लांब मोकळ्या जागा आहेत, त्या मला अशाच छप्पर नसलेल्या वाटतात.

पण याच्या काही रचना तर चक्क हेवी मेटल रॉकसारख्या वाजतात. ते काय आहे?

बरोबर ऐकलंत. 2020 च्या ‘द कॉल विदिन’मधल्या ‘व्हॉर्टेक्स’ या रचनेत मेटल गिटारवादक टोसिन अबासी आहे. तिग्रान त्या संगीताचा मनापासून चाहता आहे आणि पियानोचे खालचे स्वर तो ढोलासारखे ठोकतो. त्याच अल्बममध्ये ‘ओल्ड मॅप्स’ आणि ‘न्यू मॅप्स’ अशी दोन शीर्षकं आहेत. ज्या प्रदेशात नकाशे इतक्या वेळा बदलले, तिथल्या माणसाने ही नावं दिली आहेत, हे विसरू नये.

हा गोंगाट आणि ती स्तोत्रं एकाच माणसाची कशी, असं वाटत असेल तर एकदा फक्त सुरावटीकडे लक्ष द्या. भोवती कितीही पडझड चालू असो, मधली चाल लोकगीताइतकी साधी असते. बऱ्याचदा तो ती स्वतः गुणगुणतो, शब्दांशिवाय. चाल सोडून द्यायची तयारी त्याने कधीच दाखवलेली नाही.

ताल मोजताच येत नाहीत. काय करू?

आधी मोजू नका. दोन-तीनदा ऐकून झालं की पायाने ठेका धरायचा प्रयत्न करा. त्याच्या तालात लहान गट असतात, दोन-दोनचे आणि तीन-तीनचे. 2+2+3 असे सात, किंवा 3+2 असे पाच. आर्मेनिया, अनातोलिया, बाल्कन या पट्ट्यातल्या लोकनृत्यांत हे गट पायातच असतात, त्यामुळे तिथल्या माणसाला ते अवघड वाटत नाहीत. आपल्याला रूपक आणि झपताल माहीत आहेत, तेव्हा आपणही अगदी परके नाही.

गोंधळ होतो तो पुढे. डावा हात चार मात्रांचं चक्र फिरवतो आणि उजवा पाचांची ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो. दोघांची गाठ विसाव्या मात्रेनंतर पडते. शाळेतला लसावि इथे कामी येतो! तिहाईची सम गाठली जाते तेव्हा आपल्या मैफलीत जी दाद निघते, तशीच दाद मला या जागी द्यावीशी वाटते.

आर्मेनियन म्हणजे दुदुक ना? इथे तो का नाही?

दुदुक म्हणजे जर्दाळूच्या लाकडाचं, रुंद जिभेचं सुषिर वाद्य. एक वादक चाल वाजवतो, दुसरा अखंड आधारस्वर धरतो. त्याला ‘दाम’ म्हणतात, काम तानपुऱ्याचं. तिग्रान पियानोवादक आहे, पण त्याच्या डाव्या हातात तो दाम वारंवार येतो.

त्याच्याआधी या परिसराचं संगीत जॅझपर्यंत पोचलं होतं का?

एका आडवाटेने पोचलं होतं. गुर्जिएफ हे गूढवादी गुरू याच ग्युम्रीत जन्मले आणि कार्समध्ये वाढले. तरुणपणी एका मित्राबरोबर आपण अनीच्या अवशेषांत मुक्काम ठोकून उत्खनन केलं, असं त्यांनी आठवणींत लिहिलं आहे. फिरताना ऐकलेल्या सुरावटी त्यांनी पुढे रशियन संगीतकार थॉमस दे हार्टमान यांना सांगितल्या आणि हार्टमान यांनी त्या पियानोसाठी लिहून काढल्या. 1980 मध्ये अमेरिकन जॅझ पियानोवादक कीथ जॅरेट यांनी त्यांतल्या काही रचना ध्वनिमुद्रित केल्या, ईसीएमसाठीच. जॅरेट तिथे जवळजवळ काहीच सजवत नाहीत, ओळ जशी लिहिली तशी वाजवतात. ‘लुईस ई लुसो’च्या आधी ते ऐकलं तर कान तयार होतो.

महाराष्ट्राशी काही धागा?

आहे. शोभा गुर्टू यांचे चिरंजीव, मुंबईत वाढलेले तबलावादक आणि तालवादक त्रिलोक गुर्टू यांनी तिग्रानबरोबर मंचावर वाजवलं आहे. ठुमरीच्या घरातला ताल आणि ग्युम्रीचा पियानो, ही जोडी मला अजिबात अवचित वाटत नाही.

आणि फोर्टमध्ये कधी गेलात तर पूर्वीच्या मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर रोडवर, सेंट पीटर आर्मेनियन चर्च आहे. आर्मेनियन व्यापाऱ्यांनी ते अठराव्या शतकाच्या अखेरीस उभं केलं.

हे सगळं राजकारण आहे का?

1915 बद्दल बोललं की प्रश्न येतोच. तुर्कस्तान सरकार ‘वंशसंहार’ हा शब्द मान्य करत नाही. अनीची कहाणीही या वादापासून सुटलेली नाही. शहराच्या फलकांवर आर्मेनियन नाव ‘अनी’ऐवजी तुर्की वळणाचं ‘Anı’ (शेवटी बिनटिंबाचा i) लिहिलं जायचं. तुर्कीत त्या शब्दाचा अर्थ ‘आठवण’. 2016 मध्ये युनेस्कोने अनीला जागतिक वारसा यादीत घेतलं, ते तुर्कस्तानच्या प्रस्तावावरून, आणि हे चांगलंच झालं असं मला वाटतं. कुणाच्याही प्रस्तावावरून का होईना, त्या भिंतींना आधार मिळायला हवा. तिग्रानच्या संगीतात घोषणा नाहीत. पण तटस्थपणाही नाही. ज्याचं घर गेलं त्याने घराचं गाणं म्हणणं, एवढं त्यात आहे, आणि त्याला राजकारण म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

अनी पाहायला जाता येतं का?

येतं. कार्सपर्यंत विमानाने किंवा रेल्वेने आणि तिथून गाडीने. शीतयुद्धाच्या काळात हा लष्करी पट्टा होता आणि फोटो काढायलाही बंदी होती, आता तिकीट काढून मोकळेपणाने फिरता येतं. हिवाळा फार कडक असतो. ‘तारणहाराचं चर्च’ जरूर शोधा. 1957 मधल्या वादळात त्याचा निम्मा भाग कोसळला आणि उरलेला निम्मा सुरीने कापल्यासारखा उभा आहे. शिवाय घळीच्या काठावरून खाली पाहा, व्यापारी मार्गाच्या जुन्या पुलाची कमान पडली आहे आणि दोन देशांच्या दोन काठांवर त्याचे दोन बुंधे तेवढे राहिले आहेत.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

‘मॉकरूट’मधल्या ‘लिलॅक’पासून. लहान, शांत, एकट्या पियानोची रचना आहे आणि पहिल्याच ऐकण्यात आपली होते. मग ‘ॲन एन्शंट ऑब्झर्व्हर’ पूर्ण. खिडकीतून अरारात पर्वत पाहताना, हाच डोंगर चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी असाच पाहिला असेल, या विचारातून तो अल्बम झाला आहे. त्यानंतर ‘लुईस ई लुसो’, तो मात्र रात्री, दिवे मालवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. ‘हवुन हवुन’ पहिल्यांदा कळलं नाही तर पुढचं लावू नका, तेच पुन्हा लावा.